विश्लेषण : बँकेचा ‘आतला’ रिपोर्ट कोण बनवतो? सोलापूरच्या ठेवीदाराचे त्यात काय पणाला लागते?

12 नोव्हेंबर 2021, शुक्रवार. सोलापूरच्या दि लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला काढता येणारी रक्कम थेट 1 हजार रुपयांवर आली. दहा महिन्यांनी, 22 सप्टेंबर 2022 रोजी, बँकेचा परवाना रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होते : बँकेने सादर केलेल्या माहितीनुसार सुमारे 99 टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत.

‘बँकेने सादर केलेल्या माहितीनुसार’ हे शब्द सहज नजरेतून निसटतात. पण ठेवीदाराच्या हातात पैसे कधी आणि किती पडणार, हे याच माहितीवर ठरते. ही माहिती बँकेच्या आत कशी तयार होते? त्यासाठी लागणारे रिपोर्टिंग टूल कसे बांधतात? आणि ते चुकले तर काय होते?

रिपोर्टिंग टूल म्हणजे नेमके काय?

बँकेचा रोजचा व्यवहार कोअर बँकिंग सिस्टीमवर, म्हणजे सीबीएसवर चालतो. पैसे भरले, काढले, कर्जाचा हप्ता आला की नोंद तिथे होते. सीबीएसचे मुख्य काम व्यवहार अचूक नोंदवणे हे आहे. ‘सर्व शाखांतील 60 दिवसांपेक्षा जास्त थकलेली यंत्रमाग कर्जे दाखवा’ असे विचारले, तर उत्तरासाठी लागणारी माहिती सीबीएसमध्ये असते. मात्र तयार रिपोर्ट असेलच असे नाही.

हा रिपोर्ट देणारे, फक्त बँकेच्या अंतर्गत नेटवर्कवर आणि ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर म्हणजे अंतर्गत वेब रिपोर्टिंग टूल. शाखाधिकारी, वसुली विभाग, मुख्य कार्यालय आणि लेखापरीक्षक हे त्याचे वापरकर्ते. ग्राहकाला ते कधीच दिसत नाही. त्यामुळे मोबाइल ॲपची जाहिरात होते, या टूलची होत नाही.

मग आतापर्यंत काम कसे चालत होते?

एक्सेलवर. अनेक लहान सहकारी बँकांत अजूनही साधारण असाच क्रम दिसतो : शाखेतला लिपिक सीबीएसमधून टेक्स्ट फाइल काढतो, ती एक्सेलमध्ये चिकटवतो, नको असलेल्या ओळी उडवतो आणि मुख्य कार्यालयाला ईमेल करतो. तिथे एक कर्मचारी सर्व शाखांच्या फाइल एकत्र करतो. महिनाअखेरीस, तिमाहीअखेरीस आणि लेखापरीक्षणाच्या आधी हेच काम पुन्हा होते.

यात तीन धोके आहेत. पहिला, चूक. एक ओळ जास्त उडाली तर एक कर्जदार रिपोर्टमधून गायब होतो आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. दुसरा, वेळ. सोमवारची थकबाकी शुक्रवारी कळली, तर वसुलीचे चार दिवस गेले. तिसरा धोका सर्वांत मोठा आहे. एक्सेलमधला आकडा कोणीही बदलू शकतो आणि कोणी बदलला याची खूण राहत नाही.

‘बदललेला आकडा’ किती महाग पडतो?

याचे उत्तर पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने, म्हणजे पीएमसी बँकेने दिले. सप्टेंबर 2019 मध्ये या बँकेवर निर्बंध आले, तेव्हाही सुरुवातीची मर्यादा 1 हजार रुपयेच होती. एचडीआयएल समूहाशी संबंधित 44 कर्जखाती लपवण्यासाठी त्यांच्या जागी 21,049 बनावट कर्जखाती दाखवण्यात आली, असा आरोप तपासात पुढे आला. ही खाती रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती, पण बँकेच्या सीबीएसमध्ये त्यांची नोंद नव्हती.

म्हणजे एकाच बँकेत एकाच कर्जाचे दोन हिशेब होते : एक मशीनमधला, दुसरा कागदावरचा. दोन्ही शेजारी ठेवून जुळवणारी व्यवस्था त्या प्रवाहात असती, तर 21 हजार ओळींना सीबीएसमध्ये जोडच सापडला नसता आणि रिपोर्ट तिथेच अडला असता.

फेब्रुवारी 2018 मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणातही असाच धागा आहे. परदेशी बँकांना हमी देणारे ‘स्विफ्ट’ संदेश गेले, पण त्यांची नोंद सीबीएसमध्ये झाली नाही, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. बँकेने शेअर बाजाराला तेव्हा कळवलेला आकडा 11 हजार कोटी रुपयांच्या पुढे होता. बँक सरकारी असो वा सहकारी, दोन यंत्रणांमधली न जुळलेली जागा ही घोटाळ्याची आवडती जागा असते.

थकीत कर्जाचे 90 दिवस कसे मोजतात?

रिपोर्टिंग टूलची खरी परीक्षा इथे होते. कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए होते. नियम सोपा वाटतो, पण दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, यावर गोंधळ होत असे. रिझर्व्ह बँकेने तो एका परिपत्रकाने मिटवला. योगायोगाने त्या परिपत्रकाची तारीखही 12 नोव्हेंबर 2021 हीच आहे. ते नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही लागू आहे.

समजा, अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखानदाराचा हप्ता 31 मार्चला देय आहे. त्या दिवशीची ‘डे-एंड’ प्रक्रिया चालेपर्यंत पैसे आले नाहीत, तर खाते 31 मार्चपासूनच थकीत. तेव्हापासून थकबाकी तशीच राहिली, तर 30 एप्रिलला ते ‘एसएमए-1’ गटात जाते, 30 मे रोजी ‘एसएमए-2’ मध्ये आणि 29 जूनला एनपीए होते. महिनाअखेरीची वाट पाहायची नाही. रोजच्या डे-एंडमध्येच शिक्का पडला पाहिजे.

दुसरा मुद्दा खाते सुधारण्याचा. तीन हप्ते थकले असताना एक हप्ता भरून खाते पुन्हा ‘चांगले’ दाखवणे आता चालत नाही. व्याज आणि मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरली, तरच खाते एनपीएतून बाहेर येते. कॅश क्रेडिट खात्याचा हिशेब आणखी वेगळा आहे. तिथे हप्ता नसतो. शिल्लक 90 दिवस सलग मंजूर मर्यादेच्या वर राहिली, किंवा 90 दिवसांत खात्यात जमाच झाली नाही, किंवा झालेली जमा व्याजापुरतीही नाही, तर खाते बिघडलेले धरतात.

हे सगळे नियम टूलच्या कोडमध्ये उतरवावे लागतात. इथे एका दिवसाची चूक म्हणजे एनपीएच्या आकड्यात चूक. त्यावरून तरतुदीत चूक, तरतुदीवरून नफ्यात आणि नफ्यावरून लाभांशात. कागदावर नफा दाखवून वाटलेला लाभांश शेवटी ठेवीदाराच्या पैशातून जातो.

ठेवीदारांची यादी इतकी अवघड का?

कारण बँकेच्या दृष्टीने ‘खाते’ आणि ‘माणूस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेव विम्याचे 5 लाख रुपयांचे संरक्षण खात्याला नसते, ठेवीदाराला असते. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून लागू आहे आणि तीत मुद्दलासोबत व्याजही मोजले जाते. एकाच व्यक्तीची एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतील खाती एकत्र धरली जातात. संयुक्त खाते मात्र वेगळ्या नात्याने धरले जाते.

त्यामुळे यादी काढताना आधी ‘हा माणूस तोच का’ हे ठरवावे लागते. सोलापुरात हे काम अधिकच किचकट होते. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच पेठेत राहतात. तेलुगू कुटुंबांत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, मराठीत ते शेवटी येते. ‘श्रीनिवास’ हे नाव रोमन लिपीत एका शाखेने दोन ‘ई’ लावून लिहिलेले असते, दुसऱ्या शाखेने एक ‘आय’ लावून. जुन्या खात्यांत जन्मतारखेच्या जागी 1 जानेवारी असते. संगणकासाठी ही तीन माणसे होतात.

उलट चूकही होते. एकाच गल्लीत एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असतात आणि घाईत केलेल्या जुळणीत ते एक होऊन जातात. मग दोघांना मिळून 5 लाखांची मर्यादा लागते. म्हणूनच नावावर विसंबून चालत नाही. पॅन, मोबाइल क्रमांक, वडिलांचे नाव आणि पत्ता यांची एकत्र पडताळणी करून प्रत्येक ग्राहकाला एकच ओळख क्रमांक द्यावा लागतो. हे काम टूल अर्धेच करते. ते संशयित जोड्या काढून देते, निर्णय शाखेतल्या माणसाने कागद पाहून घ्यायचा असतो.

त्यासाठी वेळ किती मिळतो?

45 दिवस. ठेव विमा कायद्यातील दुरुस्ती 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झाली. बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की 90 दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद त्यात आहे. पहिल्या 45 दिवसांत बँकेने ठेवीदारनिहाय यादी द्यायची, पुढच्या 30 दिवसांत ठेव विमा महामंडळाने ती तपासायची आणि त्यानंतर 15 दिवसांत पैसे द्यायचे.

लक्ष्मी बँकेच्या बाबतीत 13 सप्टेंबर 2022 पर्यंत महामंडळाने 193.68 कोटी रुपये दिले होते. या प्रत्येक रुपयामागे यादीतील एक ओळ, ठेवीदाराने दिलेले संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील होता. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीचा मालक नावातल्या एका अक्षरामुळे पडताळणीत अडकला, तर त्याच्यासाठी ‘डेटा क्वालिटी’ हा तांत्रिक शब्द उरत नाही.

हे टूल प्रत्यक्षात कसे बांधतात?

पहिला नियम : चालू सीबीएसला हात लावायचा नाही. भर दुपारी सर्व शाखांचा जड रिपोर्ट थेट मूळ डेटाबेसवर चालवला, तर काउंटरवरची रांग थांबते. म्हणून रात्री डे-एंड पूर्ण झाल्यावर डेटाची प्रत वेगळ्या सर्व्हरवर घेतात. ती प्रत फक्त वाचण्यासाठी असते.

दुसरा टप्पा साफसफाईचा. शाखांचे कोड, कर्जाचे प्रकार, तारखांचे नमुने एकसारखे केले जातात. सीबीएस कधी बदलले असेल, तर जुन्या प्रणालीतून आलेल्या खात्यांत कर्ज मंजुरीची तारीखच कोरी सापडते. अशा ओळी गुपचूप वगळायच्या नसतात. त्या वेगळ्या ‘अपवाद यादीत’ दिसल्या पाहिजेत.

तिसरा टप्पा ताळमेळाचा. टूलमधील सर्व कर्जखात्यांची बेरीज बँकेच्या सर्वसाधारण खतावणीतील, म्हणजे जीएलमधील कर्जाच्या आकड्याशी रोज जुळली पाहिजे. एक रुपयाचा फरक असला तरी रिपोर्टवर ठळक सूचना हवी. आकडा जुळेपर्यंत तो रिपोर्ट ‘अंतिम’ म्हणून बाहेर जाता कामा नये. सगळ्यात कंटाळवाणा टप्पा हाच आहे आणि घाईत सर्वात आधी यालाच कात्री लागते.

शेवटी येतो पडदा, म्हणजे ब्राउझरमधले पान. शाखा निवडा, तारीख निवडा, रिपोर्ट पाहा. वापरणाऱ्याला एवढेच दिसते आणि ‘हे तर दोन आठवड्यांचे काम’ असा समज तिथूनच होतो.

कोणाला काय दिसावे?

वसुली अधिकाऱ्याला थकबाकीदाराचा मोबाइल क्रमांक लागतो, पण ठेवीदाराचे पॅन लागत नाही. होटगी रोडच्या शाखाधिकाऱ्याला पंढरपूर शाखेतील ठेवी पाहण्याचे कारण नाही. त्यामुळे प्रत्येक पदानुसार परवानगी ठरवावी लागते. कोणी कोणता रिपोर्ट कधी उघडला, कधी डाउनलोड केला, याची नोंद ठेवावी लागते आणि ती पुसण्याचा अधिकार आयटी विभागालाही नसावा.

एखादी दुरुस्ती हाताने करावीच लागली, तर एकाने करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ही बँकेतली जुनी पद्धत टूलमध्येही हवी. जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि दोघांची नावे कायम राहिली पाहिजेत.

‘आमचे टूल आतल्या नेटवर्कवर आहे, मग भीती कसली?’ हा युक्तिवाद पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या अनुभवानंतर टिकत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये हल्लेखोर बँकेच्या यंत्रणेत शिरले आणि तीन दिवसांत 94 कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. रिपोर्टिंग टूलमधून पैसे हलत नाहीत हे खरे. पण कोणत्या खात्यात किती रक्कम आहे, याचा आयता नकाशा त्यात असतो.

नियम काय सांगतात?

बँकेच्या मूळ यंत्रणेतून विवरणपत्र थेट तयार व्हावे, मध्ये माणसाचा हात लागू नये, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने 2010 मध्ये व्यापारी बँकांसाठी मांडली. नागरी सहकारी बँकांसाठी ऑगस्ट 2020 मध्ये परिपत्रक निघाले. 2 हजार कोटी किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या बँकांनी 30 जून 2021 पासून कर्जांचे वर्गीकरण संगणकीय प्रणालीनेच करावे, असे त्यात सांगितले. 1 हजार ते 2 हजार कोटींच्या गटातील, सायबर सुरक्षेच्या वरच्या दोन स्तरांत मोडणाऱ्या बँकांसाठी 30 सप्टेंबर 2021 ही तारीख होती.

त्याखालच्या लहान बँकांवर तशी सक्ती त्या परिपत्रकाने केली नाही, फक्त स्वतःच्या हितासाठी तसे करण्याचे सुचवले. तालुक्याच्या गावातील बहुतेक ठेवीदारांचा संबंध नेमका याच लहान बँकांशी येतो. इकडे रिझर्व्ह बँकेची बाजू मात्र वेगाने बदलली आहे. 30 जून 2023 रोजी तिने ‘सीआयएमएस’ ही नवी केंद्रीय माहिती प्रणाली सुरू केली. माहिती घेणारी यंत्रणा आधुनिक आणि देणारी बँक एक्सेलवर, अशी दरी त्यातून तयार होते.

बाहेरची कंपनी की स्वतःचा माणूस?

दोन्ही वाटांना किंमत आहे. सीबीएस पुरवणाऱ्या कंपनीकडे नवा रिपोर्ट मागितला, तर प्रत्येक बदलाचे पैसे आणि प्रतीक्षा असते. पण नियम बदलला की ती सर्व ग्राहक बँकांसाठी एकदम बदल करते, हा फायदाही आहे.

बँकेने स्वतःचे टूल बांधले, तर खर्च कमी वाटतो. मोफत उपलब्ध असलेले डेटाबेस आणि वेब तंत्रज्ञान यासाठी पुरेसे आहे. अडचण माणसांची आहे. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचा ओढा अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याकडे असतो. टूल बांधणारा एकमेव अभियंता नोकरी बदलतो आणि मागे कोड उरतो, तो कसा चालतो हे सांगणारा कागद उरत नाही. दोन वर्षांनी नियम बदलतो आणि टूल जुन्या नियमाने आत्मविश्वासाने चुकीचे आकडे देत राहते. एक्सेलच्या चुकीवर निदान संशय तरी घेतला जातो, स्क्रीनवरच्या आकड्यावर घेतला जात नाही.

म्हणून कोणतीही वाट निवडली तरी तीन गोष्टी करारात किंवा धोरणात लिहून घ्याव्या लागतात : प्रत्येक रिपोर्टमागचा नियम साध्या भाषेत लिहिलेला हवा, तो नियम वर्षातून एकदा लेखापरीक्षकाने तपासावा आणि टूल समजणारी किमान दोन माणसे बँकेत असावीत.

टूल असते तर बँका वाचल्या असत्या का?

असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. बँक बुडते ती चुकीच्या कर्जांमुळे. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे संचालक मंडळ 2018 मध्ये बरखास्त होऊन प्रशासक आला, तेव्हाही चर्चेच्या केंद्रस्थानी बड्या थकबाकीदारांची कर्जे होती. ती कोणाची आणि किती, हे जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक होते.

टूल कर्ज नाकारू शकत नाही. ते संचालकांच्या दबावाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. ते एवढेच करू शकते, की 29 जूनला एनपीए झालेले खाते 30 जूनच्या ताळेबंदात लपू देत नाही. आणि लपवायचेच ठरवले, तर लपवणाऱ्याचे नाव नोंदवून ठेवते. हे लहान काम नाही. बँकेचे दुखणे तीन वर्षे आधी दिसले, तर उपाय करायला वेळ असतो. तीन महिने आधी दिसले, तर फक्त निर्बंध उरतात.

याच कारणामुळे चांगल्या टूलला बँकेतूनच विरोध होऊ शकतो. ‘शाखाधिकाऱ्याला थोडी मोकळीक हवी’, ‘मार्चपुरते हाताने बदलता आले पाहिजे’ अशा मागण्या तांत्रिक भाषेत येतात. त्या मान्य करायच्या की नाही, हा प्रश्न अभियंत्याचा नाही. तो संचालक मंडळाचा आहे.

ठेवीदार काय करू शकतो?

पहिले, बँकेतील आपली सर्व खाती एकाच ग्राहक क्रमांकाखाली आहेत का, ते शाखेत विचारावे. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल क्रमांक सर्व खात्यांत सारखे आहेत का, हे पासबुक हातात घेऊन तपासावे. वारसाची नोंद करावी. एका बँकेत एका नावावर 5 लाखांहून अधिक ठेव असेल, तर व्याजासकट वरची रक्कम विम्याबाहेर आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरे, सहकारी बँकेचा सभासद हा मालक असतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याला प्रश्न विचारता येतो. लाभांश किती, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. त्याच्या जोडीला आणखी दोन विचारता येतील : आपल्या बँकेत एनपीएचे वर्गीकरण रोज संगणक करतो की महिनाअखेरीस माणूस? आणि गेल्या वर्षभरात संगणकाने दिलेला आकडा हाताने किती वेळा बदलला गेला?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या बँकेला लगेच आकड्यात देता येईल, तिच्याकडे रिपोर्टिंग टूल आहे. ज्या बँकेला देता येणार नाही, तिथे लाभांशाचा आकडाही जरा सावधपणे ऐकावा.